स्लाय स्टोनचा ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या अल्बमबद्दल विचारणारे लोक साधारण दोन प्रकारचे असतात. काहींनी तो पहिल्यांदाच ऐकलेला असतो आणि आपल्याला नेमकं काय ऐकवलं गेलं ते त्यांना उमगत नाही. काहींना तो सुटत नाही, आणि त्यांना एकेका गाण्यामागची हकिगत हवी असते. दोघांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे गुंतागुंतीचे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे तसा उल्लेख केला आहे.

१. हा अल्बम कोणाचा, कधीचा, आणि त्याचं एवढं नाव का?

स्लाय अँड द फॅमिली स्टोन या अमेरिकन बँडचा हा पाचवा स्टुडिओ अल्बम. एपिक या रेकॉर्ड कंपनीने तो नोव्हेंबर १९७१ मध्ये काढला आणि डिसेंबरमध्ये तो ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं ‘फॅमिली अफेअर’ हे गाणंही पहिल्या क्रमांकावर पोचलं.

नाव मात्र या आकड्यांमुळे टिकलेलं नाही. तोवर फंक म्हणजे मंचावर दहा-बारा जण घाम गाळत एकजिवाने वाजवताहेत असं चित्र होतं. इथे एक माणूस, बँडचा प्रमुख स्लाय स्टोन, बंगल्यात बसून, बरीचशी वाद्यं स्वतः वाजवत, एका ड्रम मशीनच्या (तयार ताल वाजवणाऱ्या यंत्राच्या) सोबतीने, थरावर थर चढवत गाणी करतो. आवाज दबलेला, गाणं पुटपुटल्यासारखं, वेग मंद. तरी ते फंकच आहे, आणि माझ्या मते त्या काळातलं सगळ्यांत पुढचं फंक आहे. आज घरात एकट्याने संगीत करणाऱ्या प्रत्येकाची पद्धत या रेकॉर्डवर आधीच दिसते.

२. फंक म्हणजे नेमकं काय? सोल आणि डिस्कोपासून ते वेगळं कसं ओळखायचं?

सगळ्यांत सोपी खूण तालात आहे. त्याआधीच्या ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर असे. जेम्स ब्राऊनने १९६५ च्या आसपास हा जोर पहिल्या मात्रेवर आणला. फंकवाले तिला ‘द वन’ म्हणतात. समेची सवय असलेल्या आपल्या कानाला ही कल्पना चटकन पटते: मधे प्रत्येक वाद्य हवं तसं हिंडून येईल, पण समेवर सगळे भेटतील. फरक एवढाच की फंकमध्ये आवर्तन फार लहान असतं, त्यामुळे ही भेट दर दोन-तीन सेकंदांनी घडत राहते.

दुसरी खूण अशी की फंकमध्ये प्रत्येक वाद्य तालवाद्यासारखं वापरलं जातं. गिटार सूर लांबवत नाही, ठोके देते. ब्रासची वाद्यं धून वाजवण्याऐवजी मधूनच टोचून जातात. सोलमध्ये गायकाची धून मुख्य असते आणि बाकी सगळे तिला सांभाळतात. डिस्कोमध्ये चारही मात्रांवर बास ड्रमचा सारखा ठोका पडतो.

३. वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या चित्रफितीत हाच बँड किती आनंदी दिसतो! दोन वर्षांत असं काय घडलं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्याचं उत्तर एका कारणात बसत नाही.

आधी बँड काय होता ते पाहू. स्लाय स्टोन म्हणजे सिल्व्हेस्टर स्टुअर्ट. जन्म १९४३, टेक्ससमधल्या डेंटन इथे; वाढला कॅलिफोर्नियातल्या व्हालेहो शहरात. लहानपणी चर्चमध्ये भावंडांसोबत गायचा. पुढे सॅन फ्रान्सिस्को भागात रेडिओवर निवेदक झाला आणि ‘ऑटम रेकॉर्ड्स’साठी निर्मातेपण करू लागला. १९६६-६७ मध्ये त्याने जो बँड उभा केला त्यात काळे आणि गोरे, स्त्रिया आणि पुरुष एकत्र होते, आणि त्या स्त्रिया फक्त मागे उभ्या राहून कोरस गात नव्हत्या. सिंथिया रॉबिन्सन ट्रम्पेट वाजवायची, १९६८ मध्ये आलेली बहीण रोझ कीबोर्ड. भाऊ फ्रेडी गिटारवर, लॅरी ग्रॅहम बासवर, जेरी मार्टिनी सॅक्सोफोनवर, ग्रेग एरिको ड्रम्सवर. १९६९ चा ‘स्टँड!’ आणि त्याच ऑगस्टमधला वुडस्टॉकचा कार्यक्रम यांनी त्यांना अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या बँडांमध्ये नेऊन बसवलं.

त्यानंतर सगळं एकदम आलं. स्लाय लॉस एंजेलिसला राहायला गेला. कोकेन आणि पीसीपी या अंमली पदार्थांचा वापर रोजचा झाला. कार्यक्रमांना उशिरा येणं किंवा न येणं इतकं वाढलं की १९७० मध्ये ठरलेल्या ८० कार्यक्रमांपैकी २६ झालेच नाहीत. रेकॉर्ड कंपनीला नवा अल्बम हवा होता. तो मिळेना म्हणून तिने नोव्हेंबर १९७० मध्ये जुन्या गाण्यांचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ काढला. बँडमध्येही फाटाफूट सुरू झाली (प्रश्न ७ आणि १३ पाहा).

आणि देशही बदलला होता. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी या दोघांची हत्या १९६८ मध्ये झाली होती. व्हिएतनाम युद्ध थांबत नव्हतं. मे १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांनी चार विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या. ‘आपण सगळे एकच’ असं दोन वर्षांपूर्वी गाणारा माणूस आता तेच पुन्हा गायला असता तर ते खोटं वाटलं असतं. त्याने ते गायलं नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

४. अल्बम कुठे आणि कसा रेकॉर्ड झाला?

१९७० आणि १९७१ या दोन वर्षांत. काही काम लॉस एंजेलिसच्या ‘रेकॉर्ड प्लँट’ स्टुडिओत झालं आणि बरंचसं बेल एअर या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यात. हा बंगला आधी ‘द ममाज अँड द पपाज’च्या जॉन फिलिप्सकडे होता. स्लायने तिथेच रेकॉर्डिंगची सोय करून घेतली.

पद्धत अशी: आधी मशीनचा ताल, मग त्यावर एकेक वाद्य, मग गाणं, मग त्यातलं काही पुसून पुन्हा नवं. काही गाणी त्याने पलंगावर पडून, वायरलेस मायक्रोफोन हातात धरून गायली. ‘जस्ट लाइक अ बेबी’ आणि ‘टाइम’ ऐकताना हे खरं असणार असं वाटत राहतं: आवाज इतका जवळचा आणि इतका सैल आहे की उभ्या माणसाचा तो वाटत नाही. बंगल्यात संगीतकारांची ये-जा चालू असे. बॉबी वोमॅक, बिली प्रेस्टन आणि आइक टर्नर यांचा सहभाग सर्वज्ञात आहे. जॅझ वादक माइल्स डेव्हिसही येऊन जाई. पण कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवलं याची नीट नोंद मुखपृष्ठावर नाही, त्यामुळे इंटरनेटवर फिरणाऱ्या सविस्तर याद्या जपून वाचाव्यात.

५. मी स्ट्रीमिंगवर ऐकला. आवाज गढूळ आहे, शब्द कळत नाहीत, मागे खरखर आहे. माझी आवृत्ती खराब आहे का?

नाही. तो तसाच आहे, १९७१ च्या पहिल्या रेकॉर्डवरही तसाच होता.

कारण चुंबकीय टेपच्या स्वभावात आहे. टेप यंत्राच्या ‘हेड’वरून (ध्वनी उमटवणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागावरून) फिरली की दर वेळी तिच्यावरचा थर किंचित झिजतो आणि सर्वांत आधी जातात ते उंच, बारीक स्वर: झांजेची चमक, ‘स’ आणि ‘श’ची धार. स्लाय त्याच टेपवर पुन्हा पुन्हा वाजवत, पुसत, वरून परत वाजवत होता. प्रत्येक फेरीत थोडी स्पष्टता गेली आणि थोडी सुरसुर वाढली. त्यात मिक्स करताना गाण्याचा आवाज वाद्यांच्या मागे ठेवला. आणि बरेच सूर मायक्रोफोनला अगदी चिकटून घेतलेले असल्याने खोलीचा प्रतिध्वनी जवळजवळ नाही. म्हणून सगळं बंद दाराआडून आल्यासारखं वाटतं.

याला निष्काळजीपणा म्हणणारे लोक पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. हा माणूस रेडिओवर बसलेला होता, निर्माता होता, काय स्वच्छ वाजतं आणि काय नाही हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? दोनच वर्षांपूर्वीचा ‘स्टँड!’ काचेसारखा स्वच्छ आहे. ‘रायट’मध्ये काय तयार होतंय हे त्याने ऐकलं आणि ते तसंच बाहेर जाऊ दिलं. झिजलेला आवाज ठरवून आणला नसेलही, पण ठेवला मात्र ठरवूनच.

एक व्यवहाराची गोष्ट: मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकूच नका. त्याचा निम्मा भाग बासमध्ये आहे आणि तो तिथे पोचतच नाही. साधे हेडफोनही पुरतात.

६. ड्रम मशीनचं एवढं काय कौतुक? आज तर प्रत्येक गाण्यात असतं.

आज असतं, म्हणूनच.

स्लायने वापरलेल्या यंत्राचं नाव ‘मेस्ट्रो ऱ्हिदम किंग’. आपल्याकडे रियाजाला बसताना तबलजी नसला की इलेक्ट्रॉनिक तबला लावतात. या यंत्राचं कामही तेच होतं. घरी किंवा हॉटेलच्या बारमध्ये एकट्याने ऑर्गन वाजवणाऱ्याला सोबत म्हणून त्यात रॉक, बोसा नोव्हा वगैरे तयार ठेके भरलेले असत. बटण दाबा, वेग ठरवा, वाजवा. गंभीर संगीतकाराने रेकॉर्डवर ते ठेवावं असं कोणाच्या डोक्यात नव्हतं.

स्लाय त्याला ‘फंक बॉक्स’ म्हणायचा. ठेका जिथून सुरू होतो तीच पहिली मात्रा असं त्याने मानलं नाही. ठेका सरकवून, त्यावर बास आणि गिटार अशा जागी टाकून त्याने यंत्राचा निर्विकार चालता ताल आणि माणसाचा मागे-पुढे झुकणारा ताल यांच्यात ओढाताण निर्माण केली. काही ठिकाणी मशीनवर खरे ड्रम्सही चढवलेले आहेत. त्या टकटकीच्या शेजारी खरा ड्रम किंचित उशिरा पडतो, आणि त्या फटीतच ग्रूव्ह, म्हणजे अंग डोलायला लावणारी तालाची पकड, आहे. ‘आफ्रिका टॉक्स टू यू’ लांबलचक, जवळपास नऊ मिनिटांचं गाणं आहे. तिसऱ्या मिनिटानंतर फक्त याच एका गोष्टीकडे लक्ष देऊन ऐका.

‘रायट’मध्येच त्याने पहिल्यांदा ड्रम मशीन वापरलं का, असं काही जण विचारतात. नाही. त्याने ‘स्टोन फ्लॉवर’ नावाचं स्वतःचं लेबल काढलं होतं आणि त्यावर १९७० मध्ये ‘लिटल सिस्टर’ या गटाचं ‘समबडीज वॉचिंग यू’ त्याच यंत्राच्या सोबतीने आणलं होतं. त्या गटात त्याची धाकटी बहीण व्हेट होती. ‘रायट’चा आवाज जिथे तयार झाला ती प्रयोगशाळा हीच.

७. मग बँडने काय केलं? हा खरं तर स्लायचा एकट्याचा अल्बम नाही का?

जवळजवळ. पण पूर्ण नाही.

ग्रेग एरिकोने १९७१ च्या सुरुवातीला बँड सोडला. ड्रम मशीन आल्यामुळे ड्रमर गेला असं सांगण्याची पद्धत आहे. क्रम तितका सरळ नाही, बँडमधलं वातावरण आधीच बिघडलं होतं. एरिकोने पुढे मुलाखतींमध्ये त्या यंत्राच्या वापराबद्दल मोकळेपणाने कौतुकच केलं आहे. लॅरी ग्रॅहम आणि स्लाय यांच्यातला ताण टोकाला गेला होता. अंगठ्याने तार ठोकून बास वाजवण्याची जी पद्धत आज जगभर शिकवतात ती रुळवणारा हा माणूस, आणि या अल्बममधला बराचसा बास स्लायनेच वाजवलेला आहे. ग्रॅहमने जे वाजवलं त्यातलं काही इतर कोणी खोलीत नसताना, तयार गाण्यावर चढवलं. १९७२ मध्ये तोही बँड सोडून गेला.

रोझचा आवाज, सिंथियाचा ट्रम्पेट, जेरीचा सॅक्सोफोन आणि फ्रेडीची गिटार मात्र अल्बमभर अधूनमधून येतात. ‘रनिंग अवे’मधला ट्रम्पेटचा हलका सूर काढून टाकला तर ते गाणं उभं राहणार नाही. एकत्र बसून वाजवणारा बँड इथे नाही. वेगवेगळ्या रात्री येऊन आपला तुकडा ठेवून गेलेली माणसं आहेत.

८. शीर्षकगीताची लांबी शून्य मिनिटं शून्य सेकंद दाखवली आहे. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. पहिल्या बाजूच्या शेवटी ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’ हे नाव छापलेलं आहे आणि त्याची लांबी ०:०० आहे. म्हणजे नावं बारा, ऐकू येणारी गाणी अकरा.

बरीच वर्षं असा समज होता की हा शिकागोच्या घटनेचा उल्लेख आहे. २७ जुलै १९७० ला तिथल्या ग्रँट पार्कमध्ये बँडचा मोफत कार्यक्रम होता. बँड मंचावर यायच्या आतच गर्दी आणि पोलीस यांच्यात दंगल उसळली, शंभराहून अधिक लोक जखमी झाले आणि दोष वर्तमानपत्रांनी बँडवर टाकला. कार्यक्रम बुडवण्याची कीर्ती आधीच झालेली असल्याने तो चिकटलाही. ‘तिथे आम्ही वाजवलंच नाही’ असं या शून्यातून सुचवलं आहे, असा तो तर्क.

स्लायने स्वतः १९९० च्या दशकात सांगितलेलं कारण साधं आहे: दंगली होऊच नयेत असं त्याला वाटत होतं, म्हणून त्या गाण्याला वेळच दिला नाही. मला हेच स्पष्टीकरण आवडतं, कारण ते अल्बमच्या स्वभावाला धरून आहे. नाव दंगलीचं आणि आत आरडाओरडा कुठेच नाही.

९. हे नाव म्हणजे सोल गायक मार्विन गे याला दिलेलं उत्तर आहे असं वाचलं. खरं का?

अल्बमचं आधी ठरलेलं नाव ‘आफ्रिका टॉक्स टू यू’ होतं. मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ मे १९७१ मध्ये आला, त्यानंतर सहा महिन्यांनी हा. ‘काय चाललंय?’ या प्रश्नाला ‘दंगल चालली आहे’ हे उत्तर, असं ते जुळतं आणि सर्वसाधारणपणे तसंच मानलं जातं.

दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकण्यासारखे आहेत. गेचा अल्बम विनवणी करतो, देवाकडे आणि माणसांकडेही. स्लायच्या अल्बममध्ये विनवणी करायला समोर कोणी नाही.

१०. मुखपृष्ठावरचा झेंडा वेगळा का दिसतो?

अमेरिकेच्या झेंड्यात निळ्या रंगाच्या जागी काळा आहे आणि ताऱ्यांच्या जागी सूर्य. कल्पना स्लायची, छायाचित्र स्टीव्ह पेली याचं. त्यासाठी खास झेंडे शिवून घेतले होते. मुखपृष्ठावर बँडचं नाव किंवा अल्बमचं शीर्षक काहीच नव्हतं. कंपनीने वरून ‘फॅमिली अफेअर’ची जाहिरात करणारी चिठ्ठी चिकटवली.

स्लायने दिलेला अर्थ असा: काळा म्हणजे रंगाचा अभाव, पांढरा म्हणजे सगळे रंग एकत्र, आणि लाल म्हणजे रक्त, जे सगळ्यांचं सारखंच. तारे शोधावे लागतात, सूर्य मात्र तुमच्याकडे बघतच असतो. अल्बमच्या आत निराशा आहे असं म्हणताना हे कव्हर विसरू नये. सगळ्यांना सामावणारा झेंडा त्याला अजूनही हवा होता.

११. ‘फॅमिली अफेअर’ इतकं उदास असून पहिल्या क्रमांकावर कसं गेलं?

कारण त्यातली उदासी कोणावर लादलेली नाही. एका आईची दोन मुलं आहेत: एक शिकण्यात रमणारा, दुसरा असा की त्याला जाळून टाकावंसं वाटावं. आईला दोघंही प्रिय, कारण रक्त सारखंच. पुढे एक नवं लग्न झालेलं जोडपं आहे, वर्षभरातच एकमेकांना चाचपून पाहणारं. बस, एवढंच. उपदेश नाही.

स्लाय इथे आवाज चढवत नाही, खालच्या पट्टीत जवळजवळ बोलतो. ध्रुवपद रोझ गाते, तेही शांतपणे. बिली प्रेस्टनचा इलेक्ट्रिक पियानो खाली वाहत राहतो, बॉबी वोमॅकची गिटार मधूनच बोलते, आणि या सगळ्याखाली ते यंत्र टकटकत असतं. डिसेंबर १९७१ मध्ये ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ड्रम मशीनवरच्या पहिल्या क्रमांकाच्या सुरुवातीच्या गाण्यांत त्याची गणना होते. बँडचं हे तिसरं आणि शेवटचं पहिल्या क्रमांकाचं गाणं.

१२. शेवटचं गाणं आधी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं.

ऐकलेलं असणारच. ‘थँक यू फॉर टॉकिंग टू मी आफ्रिका’ हे बँडच्याच ‘थँक यू’ या गाण्याचं दुसरं रूप आहे. मूळ गाणं डिसेंबर १९६९ मध्ये आलं, १९७० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि लॅरी ग्रॅहमचा ठोकलेला बास त्यामुळे घराघरांत पोचला. जॅनेट जॅक्सनच्या ‘ऱ्हिदम नेशन’मधली गिटार त्याच मूळ गाण्यातली आहे.

‘रायट’मध्ये तेच शब्द, पण वेग निम्म्यावर आल्यासारखा आणि सात मिनिटांहून जास्त लांब. मूळ गाण्यात सैतान बंदूक रोखून हसतो ती ओळ नाचता नाचता निघून जाते. इथे ती निघून जात नाही, अंगावर येते. एकच मजकूर लय बदलल्यावर काय होतो हे दाखवणारं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. दोन्ही लागोपाठ ऐका, मूळ आधी.

१३. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेने गोऱ्या वादकांना काढायला लावलं, हे खरं का?

पँथर संघटनेतल्या लोकांचा स्लायवर दबाव होता, त्याने गोऱ्या वादकांना आणि गोरा व्यवस्थापक डेव्हिड कॅप्रालिक याला दूर करावं आणि संगीत अधिक लढाऊ करावं, असं त्या काळाबद्दल सातत्याने सांगितलं जातं. पण वस्तुस्थिती पाहा: जेरी मार्टिनी गोरा होता आणि तो राहिला. एरिको गेला तो स्वतःहून (प्रश्न ७). त्यामुळे ‘पँथरमुळे बँड फुटला’ हे वाक्य मी तरी लिहिणार नाही.

१४. त्या वेळच्या समीक्षकांना आवडला का?

विक्री जोरात झाली, समीक्षक गोंधळले. ज्यांनी ‘स्टँड!’वर प्रेम केलं होतं त्यांना यात ऊर्जा कुठेच दिसेना. ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक नियतकालिकात व्हिन्स अलेटीने लिहिलेलं परीक्षण या अवस्थेचा चांगला नमुना आहे: आधी त्याला हा अल्बम दुबळा वाटून राग आला, मग त्या दुबळेपणातला खरेपणा त्याला दिसू लागला. रॉबर्ट क्रिस्टगाउने मात्र सुरुवातीपासून वरची श्रेणी दिली. ग्रील मार्कसने १९७५ च्या ‘मिस्टरी ट्रेन’ या पुस्तकात स्लायवर एक सबंध प्रकरण लिहिलं, आणि अल्बमकडे बघण्याची नजर बदलण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

‘रोलिंग स्टोन’च्या ५०० श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत तो २००३ मध्ये ९९ व्या आणि २०२० मध्ये ८२ व्या स्थानावर होता. अशा यादीत जुने अल्बम सहसा खाली सरकतात. हा वर गेला.

१५. अंमली पदार्थ नसते तर हा अल्बम झालाच नसता ना?

हा प्रश्न कौतुकाच्या सुरात येतो तेव्हा मला वाईट वाटतं.

त्या पदार्थांनी या माणसाची पुढची चार-पाच दशकं खाल्ली. २०२३ च्या आत्मचरित्रात त्याने स्वतः ते लिहिलं आहे. २०१९ मध्ये, पंच्याहत्तरी उलटल्यावर, तो त्यातून बाहेर आला. अल्बममध्ये त्या काळाची छाया नक्कीच आहे. पहिल्याच गाण्यात तो म्हणतो की इतकं छान वाटतंय की हलावंसंच वाटत नाही, आणि खाली वा-वा गिटार (पायाखालच्या पेडलने ‘वा-वा’ असा आवाज काढणारी) बेचैन होऊन उड्या मारत असते. पण ती रचना करायला, तो ठेका सरकवायला, आवाज कुठे मागे ठेवायचा हे ठरवायला जे लागलं ते चर्चमधल्या गाण्यातून, रेडिओतून आणि दहा वर्षांच्या स्टुडिओतल्या कामातून आलेलं होतं. बेल एअरच्या त्या बंगल्यात नशा करणारे पुष्कळ होते. असा अल्बम एकानेच केला.

१६. पुढच्या संगीतावर याचा परिणाम कुठे ऐकू येतो?

माइल्स डेव्हिसच्या १९७२ च्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये सर्वांत आधी. हर्बी हॅनकॉकच्या १९७३ च्या ‘हेड हंटर्स’मध्ये तर एका रचनेचं नावच ‘स्लाय’ आहे. शुगी ओटिसचा १९७४ चा ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’ ड्रम मशीनच्या सोबतीने एकट्याने केलेल्या कामाचा सरळ वंशज. एकटा सगळी वाद्यं वाजवणारा प्रिन्स, आणि ‘वूडू’ करणारा डी’अँजेलो, ज्याच्या गाण्यात ड्रम किंचित मागे पडतो आणि आवाज पुटपुटतो, हे दोघंही याच घराण्याचे.

१७. कोणती आवृत्ती घ्यावी? कव्हर वेगवेगळी का दिसतात?

१९८० च्या दशकातल्या काही आवृत्त्यांवर झेंड्याऐवजी बँडचं मंचावरचं छायाचित्र आहे. गाणी तीच. २००७ च्या सीडीत मूळ झेंडा आहे, शिवाय ‘रनिंग अवे’ची सिंगल म्हणून (सुटं गाणं म्हणून) निघालेली आवृत्ती आणि तीन वाद्यरचना जास्तीच्या आहेत. त्या वाद्यरचना अभ्यासाला चांगल्या आहेत: गायन नसल्यामुळे मशीन आणि बास यांचं नातं उघडं दिसतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मात्र मूळ अकरा गाण्यांवर थांबावं.

१८. तीनदा ऐकला, तरी मनात शिरत नाही. काय करू?

क्रम बदलून पाहा. ‘फॅमिली अफेअर’, मग ‘रनिंग अवे’, मग ‘यू कॉट मी स्मायलिन’. या तिघांत धून समोर आहे. ‘रनिंग अवे’ची चाल खेळकर आहे, गाणारे चक्क हसतात, पण हसतात ते पळ काढणाऱ्या माणसाला. हे लक्षात आलं की अल्बमचा स्वभाव कळू लागतो. नंतर ‘पोएट’: लेखणीखेरीज आपल्याकडे शस्त्र नाही असं सांगणारा माणूस, जवळजवळ रिकाम्या जागेत. लांब गाणी शेवटी. शब्द शोधत बसू नका, बास धरा.

आणि ‘स्पेस्ड काउबॉय’मधलं योडलिंग (आवाज झटकन खालून वर, वरून खाली फेकत गाणं) ऐकून गोंधळू नका. आल्प्समधल्या डोंगरी गवळ्यांकडून अमेरिकन कंट्री संगीतात आलेला तो गळा स्लायने इथे ठरवून वापरला आहे. मला ते अल्बममधलं सर्वांत कमजोर गाणं वाटतं. काही मित्रांना तेच सर्वाधिक आवडतं.

१९. स्लायचं पुढे काय झालं?

१९७३ चा ‘फ्रेश’ उत्तम आहे. त्यानंतर उतार लागला आणि १९७५ पर्यंत बँड संपला. १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला. २०११ मध्ये तो व्हॅनमध्ये राहत असल्याच्या बातम्या आल्या. २०२५ च्या सुरुवातीला संगीतकार आणि दिग्दर्शक क्वेस्टलव्हने केलेला ‘स्लाय लिव्ह्ज!’ हा माहितीपट आला आणि ९ जून २०२५ ला, ८२ व्या वर्षी, स्लायचं लॉस एंजेलिसमध्ये निधन झालं. सिंथिया रॉबिन्सन त्याआधी, २०१५ मध्ये गेली होती.

२०. हा आवडला, तर पुढे काय ऐकू?

मागे जायचं असेल तर ‘स्टँड!’. पुढे जायचं असेल तर ‘फ्रेश’, जिथे नवा ड्रमर अँडी न्यूमार्क मशीनच्या शेजारी वाजवतो आणि प्रश्न ६ मधली ती ओढाताण लख्ख उजेडात ऐकू येते. आणि ज्यांना मशीनचंच वेड लागलं असेल त्यांनी स्टोन फ्लॉवर लेबलची गाणी शोधावीत. २०१४ मध्ये ‘लाइट इन द अॅटिक’ने ती ‘आय’म जस्ट लाइक यू’ या नावाने एकत्र काढली आहेत. त्यातली ‘सिक्स’ (6IX) गटाची गाणी आधी लावा.